पीस टीव्ही

पीस टीव्ही ही इस्लामविषयक कार्यक्रम प्रसारित करणारी उपग्रह दूरचित्रवाहिनी आहे. मुंबईत जन्मलेले धर्मप्रचारक व वैद्यकीय पदवीधर झाकीर नाईक यांनी २००६ मध्ये दुबईहून इंग्रजी वाहिनी सुरू केली. २००९ मध्ये उर्दू आणि २०११ मध्ये बांगला वाहिनी सुरू झाली.

स्वरूप

नाईक यांनी १९९१ मध्ये मुंबईत इस्लामिक रिसर्च फाउंडेशनची स्थापना केली. दक्षिण आफ्रिकेतील वादपटू अहमद दीदात यांच्या ध्वनिचित्रफितींमधील जाहीर वादविवादाची पद्धत त्यांनी अनुसरली. कोट-टाय, इंग्रजी भाषा, अध्याय व आयतींचे क्रमांक तोंडपाठ सांगणे आणि श्रोत्यांची प्रश्नोत्तरे ही त्यांच्या व्याख्यानांची वैशिष्ट्ये होत. मदरशाचे शिक्षण न घेतलेल्या शहरी तरुणांना ही मांडणी विशेष भावली.

मतभेद

महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी, तर कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई परंपरेचे आहेत. एका विधिपरंपरेचे अनुसरण करण्यास ‘तकलीद’ म्हणतात. नाईक यांनी त्याऐवजी कुराण व हदीस यांच्या थेट आधारावर भर दिला. त्यामुळे दारुल उलूम देवबंदच्या फतव्यांत त्यांच्यावर ‘गैरमुकल्लिद’ अशी टीका झाली. दर्ग्यांशी निगडित प्रथांना त्यांचा विरोध असल्याने बरेलवी उलेमाही त्यांच्या विरोधात गेले. २००७ मध्ये मुंबईतील परिषदेत त्यांनी करबलाच्या लढाईला राजकीय ठरवून यझीदच्या नावापुढे आदरवाचक दुआ उच्चारली. त्यावर शिया व बरेलवी संघटनांनी निषेध नोंदवला.

चित्रमाध्यमाच्या वैधतेवरही उलेमांमध्ये एकमत नव्हते. बरेलवी परंपरेतील दावत-ए-इस्लामीने २००८ मध्ये ‘मदनी चॅनल’ सुरू केले. याच परंपरेतील अख्तर रझा खान यांना मात्र चलत्चित्रण अमान्य होते. पूर्वी मशीद व मदरसा यांपुरता मर्यादित असलेला हा वाद त्यामुळे घरोघरी पोहोचला. कोणाचा अर्थ प्रमाण मानावा, हा निर्णय तरुण प्रेक्षकांवर येऊन पडला.

बंदी

भारतात या वाहिनीला प्रसारणाची परवानगी नव्हती. तरीही काही स्थानिक केबलचालक ती दाखवत. १ जुलै २०१६ रोजी ढाक्यातील होली आर्टिझन बेकरीवर हल्ला झाला. त्यातील एका हल्लेखोराने नाईक यांचा दाखला दिल्याच्या वृत्तानंतर बांगलादेशाने वाहिनीवर बंदी घातली. नाईक यांनी दहशतवादास प्रोत्साहन दिल्याचा आरोप नाकारला. नोव्हेंबर २०१६ मध्ये भारत सरकारने फाउंडेशनला पाच वर्षांसाठी बेकायदेशीर संघटना घोषित केले. २०२१ मध्ये ही मुदत आणखी पाच वर्षांनी वाढवण्यात आली. ब्रिटनमधील प्रसारण नियामक ऑफकॉमने २०२० मध्ये द्वेषमूलक व चिथावणीखोर आशयाबद्दल वाहिन्यांच्या माजी परवानाधारकांना एकूण ३ लाख पौंड दंड केला.