मध्यान्हीचा सूर्य आणि गोव्याची सागरवाट

भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असे आपण रोजच्या बोलण्यात सहज म्हणतो. परंतु हे विधान शब्दशः खरे नाही. ग्वाल्हेर शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे सूर्य वर्षातून एकदाही अगदी डोक्यावर येत नाही. जूनच्या २१ तारखेच्या सुमारास तो खस्वस्तिकाच्या, म्हणजे डोक्यावरील बिंदूच्या, पावणेतीन अंश दक्षिणेपर्यंत पोहोचतो आणि तेथूनच माघारी फिरतो. इंदूर, बडोदे व हैदराबाद ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील शहरे. तेथे तो वर्षातून दोनदा डोक्यावर येतो. पणजीस हे दोन दिवस मेच्या पहिल्या व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पडतात, आणि मधल्या काळात मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. उलट २२ डिसेंबरच्या मध्यान्ही पणजीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंश, ग्वाल्हेरचा ४० अंश, तर पोर्तुगालच्या लिस्बन शहराचा अवघा २८ अंश उंच असतो.

या फरकाची कारणे दोनच. एक म्हणजे स्थळाचे अक्षांश, आणि दुसरे म्हणजे सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस त्याचे त्या दिवशीचे अंतर. ही क्रांती वर्षभरात दोन्ही बाजूंस साडेतेवीस अंशांपर्यंत जाते. यावरून उघडच होते की, तारखेवरून क्रांती कळली आणि मध्यान्हीची उंची मोजली, तर मोजणारा मनुष्य कोणत्या अक्षांशावर उभा आहे, हे सांगता येईल. हे साधे गणित पंधराव्या शतकाच्या अखेरीस समुद्रावर उतरले आणि त्याने गोव्याच्या इतिहासाचीही दिशा बदलली.

जमिनीवर ही विद्या फार जुनी होती. आपल्या ज्योतिषांनी बारा अंगुळे उंचीच्या शंकूची विषुवदिनीची मध्यान्हछाया मोजून तिला ‘पलभा’ हे नाव दिले. उज्जैनीस ही छाया पाच अंगुळांहून किंचित अधिक, तर गोव्यास सुमारे सव्वातीन अंगुळे भरते. पलभेवरून अक्षांश काढण्याची रीत सिद्धान्तग्रंथांत सविस्तर दिलेली आहे. परंतु अरबी समुद्रातील नाखव्यांना सूर्यापेक्षा ध्रुवतारा अधिक सोयीचा होता. ‘कमाल’ नावाची लहानशी लाकडी फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी हे त्यांचे साधन. गाठ दातांत धरून फळी समोर ताणली, की ध्रुवाची उंची बोटांच्या मापात कळे. विषुववृत्ताच्या उत्तरेस ध्रुव रात्री दिसत असल्याने त्यांचे काम त्यावर भागत असे.

पोर्तुगीजांची अडचण नेमकी येथेच उभी राहिली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत १४७० नंतरच्या काही वर्षांतच त्यांच्या जहाजांनी विषुववृत्त ओलांडले. तेथे ध्रुवतारा क्षितिजाखाली गेला. खलाशांचा शेकडो वर्षांचा सोबती नाहीसा झाला आणि त्याची जागा घेईल असा दक्षिणेकडचा तारा कोणास ठाऊक नव्हता. उरला तो सूर्यच! पण ध्रुव जवळजवळ एका जागी स्थिर, तर सूर्य रोज जागा बदलणारा. त्याची रोजची क्रांती छापून खलाशाच्या हाती दिल्यावाचून गत्यंतर नव्हते.

राजा दुसरा जुआंव याने १४८५ मध्ये जुझे व्हिझिन्यो या ज्यू विद्वानास गिनीच्या किनाऱ्यावर सूर्याची उंची मोजण्यासाठी पाठविले. व्हिझिन्योच्या हाती जी गणिते होती, ती आब्राहाम झाकूतो या सालामांकाच्या ज्यू ज्योतिषाची. झाकूतोने ती १४७० नंतरच्या दशकात हिब्रू भाषेत रचली होती. स्पेनच्या राजांनी १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालविले, तेव्हा तो पोर्तुगालात आला. तेथे लैरिया गावी १४९६ मध्ये त्याची कोष्टके छापली गेली. लीप वर्षामुळे सूर्याचे स्थान दरसाल थोडे सरकते. म्हणून ती चार वर्षांच्या चक्राची केलेली होती.

कोष्टकाच्या जोडीला यंत्र हवे. खलाशांचा ॲस्ट्रोलॅब म्हणजे पितळेसारख्या धातूचे जड चक्र. ते अंगठ्याला लोंबकळत धरावयाचे, मधली पट्टी फिरवून तिच्या दोन्ही छिद्रांतून सूर्यकिरण आरपार जाईपर्यंत जुळवावयाची आणि अंश वाचावयाचे. पोर्तुगीज खलाशी या क्रियेला ‘सूर्य तोलणे’ म्हणत. परंतु तोलून काम संपत नसे. गोव्याच्या समुद्रात डिसेंबरात सूर्य खस्वस्तिकाच्या ३९ अंश दक्षिणेस दिसला, तर त्यातून साडेतेवीस अंश क्रांती वजा करावयाची, म्हणजे साडेपंधरा अक्षांश येतात. तोच सूर्य दक्षिण आफ्रिकेजवळ उत्तरेस दिसतो. तेथे क्रांती मिळवावी लागते. बेरजेच्या जागी वजाबाकी झाली, तर जहाज शेकडो कोस भलत्याच ठिकाणी आहे असे वाटे, आणि खडकांवर आदळण्याचे भय राही. म्हणूनच सावली कोणत्या बाजूस पडते यावरून नियम सांगणारी छोटी पुस्तके पुढे नावाड्यांसाठी छापली गेली.

वास्को द गामा नोव्हेंबर १४९७ मध्ये आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात पोहोचला, तेव्हा डुलत्या जहाजावरील मापावर न विसंबता तो किनाऱ्यावर उतरला आणि तिकाटण्यावर टांगलेल्या मोठ्या लाकडी ॲस्ट्रोलॅबने त्याने सूर्याची उंची घेतली, असे इतिहासकार बारुश सांगतो. पुढे मालिंदी येथे मिळालेल्या गुजराती वाटाड्यास त्याने ही यंत्रे दाखविली. वाटाड्यास त्यांचे मुळीच नवल वाटले नाही; तांबड्या समुद्रातील काही नावाडीही सूर्याची उंची मोजतात, असे त्याने सांगितले, हेही बारुशनेच नोंदविले आहे. त्या वाटाड्याच्या मार्गदर्शनाखाली गामा मे १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्यास लागला. त्यानंतर बारा वर्षांनी, १५१० मध्ये, गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला.

आणि झाकूतो? राजा मानुएल याने डिसेंबर १४९६ मध्ये ज्यूंनी धर्म तरी बदलावा, नाही तर देश तरी सोडावा, असे फर्मान काढले. पुढील वर्षी बहुतेकांचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. झाकूतो पुन्हा परागंदा झाला आणि ट्युनिसला जाऊन राहिला. तेथे १५०४ मध्ये त्याने आपल्या समाजाच्या गुरुपरंपरेचा इतिहास लिहून पुरा केला. ज्या राजाने त्याला थारा दिला नाही, त्याच राजाची जहाजे त्याच्या कोष्टकांच्या आधारे पूर्वेकडे जात राहिली. ख्रिस्ताच्या नावाने घेतलेला तो निर्णय न्यायाचा नव्हता, हे आज स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे.

या विद्येचा खरा विद्यार्थी गोव्यास आला तो १५३८ मध्ये. दों जुआंव द कास्त्रु याने ६ एप्रिलला लिस्बन सोडले आणि ११ सप्टेंबरला तो गोव्यास पोहोचला. आजच्या गणनेने ती तारीख २१ सप्टेंबर होते. म्हणजे सूर्य विषुववृत्तापाशीच होता आणि त्या दिवशीचे खस्वस्तिकापासूनचे अंतर जवळजवळ थेट गोव्याचे अक्षांशच सांगत होते. कास्त्रुने गणिती पेद्रू नूनिश याचे छायायंत्र बरोबर आणले होते. तो स्वतः मोजी, जहाजावरील इतरांसही मोजावयास लावी, आणि सर्वांची मापे ताडून पाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्याहून दीवपर्यंत जाताना त्याने कोकणची बंदरे व खाड्या यांचे टिपण केले, आणि वसईच्या परिसरातील खडकांमुळे होकायंत्राची सुई ढळते, हेही त्याने ओळखले. पुढे हाच गृहस्थ पोर्तुगीज हिंदुस्थानचा कारभारी झाला आणि ६ जून १५४८ रोजी गोव्यातच वारला.

मध्यान्हीच्या सूर्याने उत्तर-दक्षिण स्थान मिळे. पूर्व-पश्चिम स्थान मात्र मिळत नसे. समुद्रावर टिकणारी अचूक घड्याळे अठराव्या शतकात तयार होईपर्यंत ती उणीव राहिलीच. त्या काळातील एक चक्र मात्र आज पुन्हा हाती आले आहे. गामाच्या दुसऱ्या सफरीतील ‘एश्मेराल्दा’ हे जहाज १५०३ मध्ये ओमानजवळ बुडाले. त्याच्या अवशेषांत २०१४ मध्ये साडेसतरा सेंटिमीटर व्यासाची एक धातूची चकती सापडली. तिच्या कडेस पाच-पाच अंशांच्या खुणा आहेत. ज्ञात असलेल्या खलाशी ॲस्ट्रोलॅबांत ती सर्वांत जुनी मानली जाते. तिच्यावर मानुएल राजाचे चिन्ह कोरलेले आहे. झाकूतोचे नाव नाही. परंतु त्या खुणांवरून वाचलेला आकडा ज्या कोष्टकाशी जुळवावयाचा, ते त्याच्या श्रमाचे फळ होते.