मापी शेर, वजनी शेर

शिराळा तालुक्याचा पश्चिम भाग दांडग्या पावसाचा, म्हणून भाताचा. दशमान पद्धत येण्यापूर्वी इथले धान्य, उरलेल्या महाराष्ट्रासारखेच, बहुधा मापाने मोजले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. काठाच्या वर जो निमुळता ढीग चढे, ती शीग. ‘शिगेला पोचणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. शीग राखायची की हाताने सपाट करायची, यावर देणाऱ्याघेणाऱ्याचा नफातोटा ठरे.

खरा घोटाळा ‘शेर’ या नावात होता. तागडीचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. धान्याचा शेर मात्र भार नव्हे, जागा मोजी. शिवाय मापे गावोगाव लहानमोठी, त्यामुळे एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेत चालेलच असे नसे.

भार आणि जागा यांची सांगड फ्रान्समध्ये १७९५ साली पाण्याने घातली गेली: एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान म्हणजे एक ग्रॅम. लिटरभर पाणी किलोभर भरते ते त्यामुळेच. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि पायलीचे किलो करण्याची वेळ आली.

पण पायलीचे किलो किती, याला एकच उत्तर नाही. आकारमानाला घनतेने गुणले की वस्तुमान मिळते, आणि घनता प्रत्येक पदार्थाची वेगळी. चार लिटरच्या मापात पाणी चार किलो मावते, तांदूळ सव्वातीन किलोच्या आसपास, टरफलासकट भात अडीच किलोच्या आत. मिठाच्या अखंड स्फटिकाची घनता पाण्याच्या २.१६ पट, साखरेची १.५९ पट, तरी त्याच मापात मीठ पाच किलोच्या आत-बाहेर आणि साखर साडेतीन किलोच्या आतच भरते. कणांमधल्या फटींतली हवा जागा अडवते. माप ठोकून भरले की फटी मिटतात आणि आकडा चढतो, म्हणून पुस्तकातली स्फटिकाची घनता डब्यातल्या मिठाला लावणे चूकच. द्रवात ही अडचण नाही: दुधाची घनता सुमारे १.०३, म्हणजे ४० लिटरच्या कॅनमध्ये दूध ४१ किलोंहून थोडे जास्त.

भाताचेच चुरमुरे झाले, की तेच माप भरूनही तागडीचे पारडे जेमतेम हलते.