वादळ ओसरल्यानंतरची वर्षे

नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पाण्यात लोटणाऱ्या कोकणाला सागराचे रौद्ररूप अपरिचित नाही. तथापि बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात चक्रीवादळे कमी उठतात आणि त्यांतील बरीचशी किनाऱ्यापासून दूर निघून जातात. त्यामुळे जी वादळे किनाऱ्याशी भिडली, त्यांच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिल्या.

नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडून नाहीशी झाली. तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्येच स्थापन झाला होता. परंतु बंदर सोडून गेलेल्या बोटीला निरोप पोहोचवणारी बिनतारी यंत्रणा तेव्हा अस्तित्वात नव्हती. बंदरावर चढवलेला धोक्याचा बावटा दिसेल तेवढ्या अंतरापुरतीच सूचना चाले.

ही उणीव भरून काढण्यात समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूचा मोठा वाटा आहे. पीण्याच्या शेडमध्ये बांधलेला ‘आर्यभट्ट’ १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. पुढे समुद्रावरील वाऱ्याचा वेग व दिशा टिपणारा ‘ओशनसॅट-२’ (२००९) आणि ढगांची चित्रे सातत्याने पाठवणारा ‘इन्सॅट-३डी’ (२०१३) हे उपग्रह आले. वादळ किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर असतानाच त्याची वाट ओळखता येऊ लागली.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. करोनाचा काळ असूनही हजारो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवण्यात आले होते, त्यामुळे प्राणहानी फार मर्यादित राहिली. मात्र सूचना पाळली तरच ती तारते. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाची सूचना कित्येक दिवस आधी मिळाली होती. तरीही मुंबईजवळच्या समुद्रात थांबलेला पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

माणसे हलवता येतात. वाडी हलवता येत नाही. ‘निसर्ग’चा खरा घाव श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळींवर बसला. बाळाजी विश्वनाथ भट पेशव्यांचे मूळ गाव असलेले श्रीवर्धन तेथील ‘रोठा’ सुपारीसाठी प्रसिद्ध आहे. येथील वाडीत नारळाच्या सावलीत पोफळ वाढते, पोफळीवर मिरीचा वेल चढतो आणि खाली जायफळ उभे राहते. वरचे झाड कोसळले की खालचे उन्हात उघडे पडते. अशा रीतीने काही तासांत एकेका घराची सारी मिळकत जमीनदोस्त झाली.

राज्य शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली. पूर्वीच्या दरापेक्षा ती पुष्कळ अधिक होती. परंतु कोकणातली वाडी हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजतात. एका हेक्टरात साधारण १०० गुंठे धरले, तर पाच गुंठ्यांच्या मालकाच्या वाट्याला अडीच हजार रुपये येतात. तेवढ्या जागेत दाटीने उभी असलेली झाडे त्या हिशेबात मावत नव्हती. म्हणूनच झाडागणिक भरपाई मिळावी, ही मागणी बागायतदारांनी लावून धरली.

नवी पोफळ फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात. पारंपरिक जातीचा नारळही साधारण तेवढाच काळ घेतो. तोवर घर चालवायचे, मुलांचे शिक्षण करायचे आणि रोपांना पाणीही घालायचे. हाती पैसा नसेल तेथे मुले मुंबई-पुण्याची वाट धरतात आणि वाडी वृद्धांवर पडते.

विज्ञानाने १८८८ आणि २०२० यांच्यामधले अंतर मृतांच्या आकड्यांत स्पष्ट करून दाखवले आहे. किनाऱ्यावरील कुटुंबांना मात्र वादळ त्या एका दुपारपुरते नसते. २०२० च्या पावसात लावलेल्या रोपाला सुपारीचा पहिला घड धरेपर्यंतची सारी वर्षे त्या वादळाच्या खात्यात मोजावी लागतात. मदतीचा हिशेबही तेवढ्याच वर्षांचा असला पाहिजे.