लंडनच्या आजीबाईंची खानावळ



गेल्या आठवड्यात आमच्या भाईंदरच्या घरी खाखरे शेकायचे काम चालले होते. नणंदेची सून पुढच्या महिन्यात नवऱ्यामागोमाग इंग्लंडला, लेस्टरला जाणार आहे, तिच्यासाठी. शेकता शेकता ती म्हणाली, "मामी, तिथे नुसती बसून काय करू? घरून जैन डबे द्यायचा विचार आहे." नणंदबाई लगेच म्हणाल्या, "परक्या देशात धंदा म्हणजे खेळ नाही. करायचाच तर नवऱ्याच्या नावावर करा. तू आपली रांधायचे बघ."

सून गप्प झाली. मीही तेव्हा काही बोलले नाही, पण मला राधाबाई बनारसे आठवल्या. सरोजिनी वैद्य यांनी 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची' हे त्यांचे चरित्र लिहिले आहे. तुमच्यापैकी काहींनी वाचलेही असेल. ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी आज ही गोष्ट.

राधाबाई विदर्भातल्या, यवतमाळकडच्या खेड्यातल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लहान वयात लग्न झाले, मुली झाल्या आणि ऐन संसारात वैधव्य आले. पुढे त्यांचे दुसरे लग्न सीतारामपंत बनारसे यांच्याशी झाले. पंत लंडनला राहत. अशा रीतीने १९४० च्या दशकात ही निरक्षर बाई थेट लंडनच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

ते लंडन कसे होते, हे समजल्याशिवाय त्यांच्या कामाची किंमत कळत नाही. युद्धामुळे तिथे जानेवारी १९४० मध्ये रेशन सुरू झाले, ते पूर्ण उठायला जुलै १९५४ उजाडला. साखर, लोणी, चहा सगळे मोजून मिळे. १९४६ ते १९४८ या काळात तर पावसुद्धा रेशनवर होता. गंमत म्हणजे शाकाहारी म्हणून नाव नोंदवून मांसाचा वाटा सोडला, तर त्याबदली जास्तीचे चीज मिळत असे. आपल्या हिंग-जिऱ्याच्या वासाची तिथे कुणाला ओळखही नव्हती.

दुसरी अडचण जागेची. आपली मुले शिकायला जात, पण काळ्या वर्णाच्या माणसाला खोली द्यायला कितीतरी घरमालक नकार देत. अशा नकाराला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. म्हणजे तोवर तोंडावर "नाही" म्हणायला काहीच आडकाठी नव्हती. म्हणून आपल्या माणसाचे बोर्डिंग ही तिथे चैन नव्हती, गरज होती. भुकेल्या मुलाला वरणभात आणि डोक्यावर छप्पर, या दोन गोष्टींवर तो धंदा उभा होता. दोन्ही गोष्टी बाई रोज घरी करते. फक्त तिला कुणी त्याचे पैसे देत नाही.

लंडनला येऊन थोडीच वर्षे झाली होती, तेवढ्यात सीतारामपंत गेले. ज्या घरात राधाबाईंनी एवढे दिवस राबून काढले, त्यात त्यांच्या वाट्याला काही आले नाही. परका देश, परकी भाषा, अक्षरओळख नाही आणि पुन्हा एकदा शून्य.

मैत्रिणींनो, मी या जागी दरवेळी थांबते. हाताला चव होती, माणसे जोडलेली होती, कष्टांची सवय होती. नव्हते ते एकच, कागदावर स्वतःचे नाव.

राधाबाई परत आल्या नाहीत. त्यांनी स्वतःची खानावळ सुरू केली. गोल्डर्स ग्रीन भागात, हूप लेनवर त्यांचे घर झाले आणि यावेळी ते त्यांचे स्वतःचे होते. त्याच घरात त्यांनी देऊळही केले. लंडनला जाणारे विद्यार्थी, लेखक, पुढारी असे किती जण त्यांच्या पंगतीला जेवून गेले. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या महाराष्ट्र मंडळाशीही त्यांचे घट्ट नाते होते. सगळे लंडन त्यांना आजीबाई म्हणू लागले.

गोल्डर्स ग्रीन ही ज्यू लोकांची मोठी वस्ती. धर्म पाळणाऱ्या ज्यू घरात दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. अशा शेजाऱ्यांना खाण्यातला नेम म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

हे वाचताना मला आपल्या समाजातली बेल्जियमची गोष्ट आठवते. १९६० च्या दशकापासून पालनपूरचे जैन हिरेव्यापारी अँटवर्पला जाऊन स्थिरावले. तिथला हिरेबाजार तेव्हा मुख्यतः ज्यू व्यापाऱ्यांचा. आपल्या लोकांनी इतरांना फारसे नको असलेले बारीक कच्चे हिरे घेतले, सुरतेला पैलू पाडून परत पाठवले आणि हळूहळू बाजारात जम बसवला. सौदा पक्का झाला की हातात हात देऊन 'माझल' म्हणायचे, हा ज्यूंचा रिवाजही उचलला. २०१० मध्ये अँटवर्पजवळ विलरेक इथे संगमरवरी जिनालयाची प्रतिष्ठा झाली.

पण पहिल्या दहा-वीस वर्षांत तिथे कांदा-लसूण, बटाटा नसलेले जेवण कुठल्या हॉटेलात मिळणार होते? चोविहार कुणी सांभाळला? व्यापाऱ्याकडे आलेल्या पाहुण्याला कुणी वाढले? त्या बायकांची नावे कुठल्या पेढीच्या पाटीवर नाहीत. धंद्याच्या इतिहासात पुरुष हिरे तोलताना दिसतो. त्याच्या जेवणाचे ताट कुठून आले, हे कुणी लिहीत नाही. राधाबाईंचे नाव राहिले, कारण धंदा त्यांचा होता आणि एका बाईने ते लिहून ठेवले.

काल सूनबाई पुन्हा आली, तेव्हा हे सगळे तिला सांगितले. मग दोघींनी वही घेऊन बसून लिहिले. तिच्या व्हिसावर स्वतःचा धंदा चालतो का, हे आधी विचारायचे. इंग्लंडात घरून डबे द्यायचे तरी सुरू करण्याआधी निदान २८ दिवस तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, आणि तिला पैसे पडत नाहीत. लेस्टरला १९८८ पासून जिनालय आहे, तेव्हा पहिली गिऱ्हाइके तिथेच भेटतील. बँकेचे खाते वेगळे. आणि नोंदणीच्या फॉर्मवर मालकाच्या रकान्यात तिचे स्वतःचे नाव.

नणंदबाई शेजारीच बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वही ओढून घेतली, नाव वाचले आणि म्हणाल्या, "सासरचे आडनाव नीट लिही गं, स्पेलिंग चुकले तर पुन्हा फॉर्म भरावा लागेल."

आमच्या घरी याला होकार म्हणतात.

लिहिण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.