प्रवेशाची बेरीज

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची. त्या वेळी संलग्न महाविद्यालये सहा आणि विद्यार्थी ९२७. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. परंतु या ९२७ मध्ये मुली किती, दलित किती, वऱ्हाडातल्या खेड्यांतून आलेले किती, असे विचारले की ती बेरीज मुकी होते. दारावरून परतलेल्यांची तर तीत मोजदादच नाही.

पुढे गुणवत्ता यादी सूचनाफलकावर लागू लागली. अध्यापक म्हणून आम्ही त्या फलकापुढची गर्दी वर्षानुवर्षे पाहिली आहे. विद्यार्थ्याचे नाव, गुण, प्रवर्ग सारे उघड्यावर असे. अर्ज किती आले आणि नाकारले किती, हे मात्र फायलीत बंद होई. व्यक्ती उघडी पडे, व्यवस्था झाकली जाई.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक संस्थांवर आपणहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. २०१०-११ पासून केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात लिंग व सामाजिक प्रवर्गनिहाय पटसंख्या मिळू लागली. तीही आत आलेल्यांचीच. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीचे कलम अधिक आवळले. नावे झाकावीत, हे आम्हांला मान्यच आहे. पण खासगीपण नावाला असते, बेरजेला नव्हे. अर्ज, प्रवेश आणि नकार यांचे प्रवर्गनिहाय आकडे दरवर्षी जाहीर झाले नाहीत, तर पुढच्या शतकातील अभ्यासकाच्या हाती पुन्हा अशीच एक मुकी बेरीज उरेल.