पान्हा : एका शरीरक्रियेच्या ज्ञानाचा इतिहास

दुभत्या जनावरांच्या शरीरक्रियांपैकी पान्ह्याइतकी गोपालकांच्या नित्य परिचयाची दुसरी क्रिया क्वचितच असेल. कास दुधाने तटतटलेली असूनही अपरिचित हात लागताच गाय दूध चोरते, आणि वासराने दोन ढुसण्या देताच तेच दूध सडांत उतरते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. मराठी संतवाङ्मयात वत्साकडे धाव घेणारी, पान्हावलेली धेनू पुनःपुन्हा येते, ती याच नित्यपरिचयामुळे होय. परंतु ही क्रिया घडते कशी, याचा शास्त्रीय उलगडा होण्यास विसाव्या शतकाचा पूर्वार्ध उजाडावा लागला. तोवर, आणि त्यानंतरही, या क्रियेवर स्वामित्व मिळविण्यासाठी मनुष्याने जे उपाय योजिले त्यांचा इतिहास सर्वस्वी सुखद नाही.

प्राचीन पुरावा बोलका आहे. ईजिप्तमधील अकराव्या राजवंशातील कवित या राजस्त्रीच्या दगडी शवपेटीवर गाय दोहण्याचे एक दृश्य कोरलेले आहे. त्यात वासरू गायीच्या पुढच्या पायाशी बांधलेले असून गायीच्या डोळ्यातून अश्रू ओघळताना दाखविला आहे. वासरू जवळ हवे, पण दूध मात्र त्यास मिळू नये, ही दुग्धव्यवसायातील मूळची विसंगती त्या अनाम शिल्पकाराने चार हजार वर्षांपूर्वी नेमकी हेरली होती, असे म्हणावयास हरकत नाही. वासरू दगावल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो पुतळा गायीपुढे धरण्याची युक्ती आपल्याकडेही प्रचलित होती.

दुसरा उपाय याहून क्रूर होता. सिथियन लोक घोड्या दोहताना हाडांच्या नळ्यांनी त्यांच्या योनिमार्गात हवा फुंकीत, असे हिरोडोटसने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात नमूद केले आहे. हिंदुस्थानात हीच रीत ‘फुंका’ या नावाने ओळखली जात होती आणि मोठ्या शहरांतील दूधव्यवसायात तिचा विशेष प्रसार झाला होता. प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणाऱ्या १८९० च्या कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले, यावरून तिच्या व्याप्तीची कल्पना येते. कलकत्त्यातील गाई-म्हशींच्या या हालांची वर्णने वाचनात आल्याने १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर दूध वर्ज्य करण्याच्या गांधीजींच्या निश्चयास बळ मिळाले. पुढे आजारपणात, १९१९ साली, त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. त्या निश्चयामागे एक शरीरक्रियाविषयक प्रश्नही दडलेला होता, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही.

प्रश्न असा की, हवा फुंकली गर्भमार्गात आणि दूध उतरले कासेत, या दोहोंचा संबंध काय? एकोणिसाव्या शतकात याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. बरेचसे दूध दोहनाच्या वेळीच कासेत निर्माण होते, असा त्या काळी अनेकांचा समज होता. उत्तराची पहिली खूण निराळ्याच दिशेने आली. १९०६ साली हेन्री डेल यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या पश्चखंडाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते असे दाखविले. १९१० साली ऑट व स्कॉट यांनी त्याच अर्काने शेळीचे दूध वाहू लागते असे निदर्शनास आणले. १९१५ साली गेन्स यांनी दूध तयार होणे व दूध बाहेर लोटले जाणे या दोन भिन्न क्रिया आहेत हे शेळ्यांवरील प्रयोगांनी मांडले. भूल दिलेल्या शेळीच्या कासेत दूध असूनही ते हाती येत नाही, पण पिट्युटरीचा अर्क टोचताच येते. म्हणजे पान्हा ही मज्जासंस्थेतून चालणारी प्रतिक्षिप्त क्रिया ठरली. गेन्स यांच्या या निबंधाकडे पुढील पाव शतक फारसे कोणी फिरकले नाही, हे शास्त्राच्या इतिहासातील एक नवलच म्हटले पाहिजे.

ते लक्ष वेधले गेले अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात. ईली व पीटरसन यांनी १९४१ साली गायीच्या कासेच्या एका अर्ध्या भागाचे मज्जातंतू तोडले, तरीही सडांना चेतना मिळताच दोन्ही भागांत पान्हा उतरला. कासेपर्यंत आज्ञा पोहोचविणारे साधन मज्जातंतू नव्हे, तर रक्त होय, हे यावरून सिद्ध झाले. गाय घाबरविण्यासाठी त्यांनी तिच्या पाठीवर मांजर ठेविले आणि कागदी पिशव्या फोडल्या! प्रयोग हास्यास्पद वाटला तरी निष्कर्ष गंभीर होता : भयाने पान्हा थांबतो, आणि ॲड्रिनलिन टोचल्यानेही तसेच घडते. गोठ्यात आरडाओरडा करू नये, ओळखीच्या हातानेच धार काढावी, हा घराघरांतील जुना दंडक येथे प्रयोगाच्या कसोटीस उतरला. त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सशांवरील प्रयोगांत गर्भमार्ग ताणल्यास पिट्युटरीतून हा स्राव सुटतो असे दाखविले. फुंक्याचे रहस्य ते हेच. पुढे १९५३ साली द्यू व्हिग्नो यांनी नऊ ॲमिनो आम्लांचे हे संप्रेरक, म्हणजे ऑक्सिटोसिन, प्रयोगशाळेत तयार केले व १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या ज्ञानाचे उत्पादनास झालेले लाभ उघड आहेत. रक्तातील ऑक्सिटोसिनचा प्रभाव काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून कास धुऊन, सड चोळून झाल्यावर विलंब न करता दोहन सुरू करावे आणि ते लवकर आटोपावे, ही यांत्रिक दोहनाची शिस्त त्यातूनच निघाली. म्हशीच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे. गायीच्या कासेतील सुमारे एकपंचमांश दूध सडांवरील पोकळीत आधीच साठलेले असते. म्हशीत हे प्रमाण अवघे पाच टक्क्यांच्या आसपास असल्याने पान्ह्यावाचून तिचे दूध जवळजवळ मिळतच नाही.

येथेच मुंबईच्या तबेल्यांचा प्रसंग येतो. शहरातील म्हशींसाठी १९४९ साली आरे वसाहत स्थापन झाली, तरी शहरी दूधधंद्यातील मूळ हिशेब बदलला नाही. रेडकाच्या पोटात जाणाऱ्या दुधाची किंमत रेडकाच्या किमतीहून अधिक, म्हणून नर रेडकू उपाशी मरू दिले जाई. तरीही पान्ह्यासाठी कोणीतरी लागे, एवढ्यापुरता त्या जिवाला आधार होता. स्वस्त ऑक्सिटोसिनची टोचणी आल्यावर तोही सुटला. वारंवार टोचलेले जनावर पुढे टोचल्यावाचून पान्हवत नाही, हा निराळाच दुष्परिणाम. एका अर्थी ही टोचणी म्हणजे फुंक्याचीच सुधारलेली आवृत्ती होय, आणि कायद्यानेही तसेच मानले : १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाच्या बाराव्या कलमात आज फुंक्याबरोबरच, जनावराच्या प्रकृतीस अपायकारक अशा टोचणीचाही अंतर्भाव आहे.

मात्र औषधावरच घाला घालण्याचा मार्ग अडचणीचा ठरला. केंद्र शासनाने एप्रिल २०१८ मध्ये देशांतर्गत वापरासाठीच्या ऑक्सिटोसिनचे खाजगी उत्पादन बंद करण्याचा आदेश काढला. हेच द्रव्य प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून मातांचे प्राण वाचविते, आणि त्याचा तुटवडा झाल्यास त्यांच्याच जिवावर बेतते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो आदेश रद्द ठरविला.