उचल, खाडा आणि शिकवण

थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पिंजऱ्यातल्या मांजरांवरून दाखवलं, की ज्या कृतीतून फायदा होतो ती अंगवळणी पडते. दुसऱ्याचं पाहूनही आपण शिकतो, हे बांडुरा यांनी १९६१ मध्ये लहान मुलांवर प्रयोग करून दाखवलं.

आमच्या बीडमध्ये हे दोन्ही धडे उसाच्या फडात मिळतात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर वाढत गेलं. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दुखण्यालाही माफी नाही! मग एकीने गर्भपिशवी काढली, तिचं पाहून शेजारणीने. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली.

कुणी याला अडाणीपणा म्हणतात. आम्ही म्हणतो, हे शिकणंच आहे. बैलावरचा चाबूक दिसतो; इथला चाबूक हिशेबाच्या वहीत असतो. आधी ती वही बदलू या, मग बायांना शहाणपण शिकवू.